पाच सेंटीमीटरांत मावणारी मगर: काल्पनिक संघांसाठी कॅपचे लोगो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. बडोद्यातल्या वस्त्या आणि खुणांवरून आठ काल्पनिक क्रिकेट संघ रचले, प्रत्येकाच्या कॅपसाठी लोगो काढला आणि स्क्रीनवर ते देखणे दिसले. मग नमुना म्हणून एक कॅपवर मशीनच्या भरतकामाने भरून घेतला, तर विश्वामित्री नदीतली मगर पालीसारखी दिसू लागली, खालचं ‘बडोदे’ वाचताना ‘वडोदे’ झालं, आणि भोवतीची बारीक सोनेरी कड भरावापासून सुटून मधे कॅपचं कापड डोकावू लागलं. दोष चित्राचा की मशीनवाल्याचा?

दोष मुख्यतः क्रमाचा आहे. चित्र आधी मोठं आणि मोकळं काढलं गेलं, मग कॅपवर बसवण्यासाठी लहान केलं. छपाईत हे चालतं, कारण शाईचा ठिपका हवा तेवढा बारीक होतो. धाग्याला जाडी असते, ओढ असते, चमक असते आणि दिशा असते. कॅपचा लोगो या चार गोष्टी धरूनच काढायला घ्यावा लागतो. तसं केलं की मशीनवाल्याकडून होणाऱ्या चुकाही निम्म्या होतात, कारण त्याला अंदाजाने काही ठरवावं लागत नाही.

आधी जागा पाहू. नेहमीच्या सहा पॅनेलच्या कडक कॅपला समोर दोन पॅनेल असतात, त्यांच्या मधोमध उभी शिवण असते आणि आतून बकरम, म्हणजे कडक अस्तर असतं. भरण्यासाठी उंची मिळते साधारण ५ ते ५.५ सेंटीमीटर. रुंदी मशीनच्या हिशेबाने ११-१२ सेंटीमीटर मिळते, पण ९ च्या पुढे गेलेला भाग कानशिलाकडे वळतो आणि समोरून तुटल्यासारखा दिसतो. शिवाय व्हायझर, म्हणजे कॅपचा पुढचा छज्जा, जिथे जोडलेला असतो, त्या शिवणीपासून वर एक-सव्वा सेंटीमीटर जागा सोडावी लागते, तिथे मशीनवर कॅप धरणारी फ्रेम कापड नीट ताणून धरू शकत नाही. म्हणजे हातात उरतो ९ बाय ५.५ सेंटीमीटरचा आयत, अगदी आपल्या व्हिजिटिंग कार्डाएवढा. जुनी व्हिजिटिंग कार्डं घ्या आणि पहिलं रेखाटन त्यांच्या कोऱ्या बाजूवर करा, साध्या १ मिलिमीटर जाडीच्या स्केचपेनने. पेन्सिल नको, बारीक जेल पेन नको. त्या पेनने त्या कार्डावर जे काढता येत नाही, ते ४० नंबरच्या धाग्यालाही काढता येणार नाही. एका संघासाठी अशी वीस-पंचवीस कार्डं भरली तर त्यातलं एखादं कामाचं निघतं. कॉम्प्युटर त्यानंतर उघडायचा.

आता धाग्याचं गणित. भरतकामाचा ४० नंबरचा धागा कापडावर बसल्यावर सुमारे ०.४ मिलिमीटर जागा व्यापतो. कडेपासून कडेपर्यंत जाणारा चमकदार सॅटिन टाका १ मिलिमीटरपेक्षा अरुंद झाला की सुई जवळजवळ त्याच भोकात पुन्हा पुन्हा जाते, धागा तुटतो आणि रेघ दोरीसारखी उभी राहते. तोच टाका ७-८ मिलिमीटरपेक्षा रुंद झाला की सैल पडतो आणि नखात अडकतो, तिथे मग आडव्यातिडव्या ओळींचा भराव घ्यावा लागतो. दोन रंगांच्या मधे कापड दिसायला हवं असेल, तर ती फट चित्रात किमान १.२ मिलिमीटर ठेवा, भरल्यावर ती १ च्या आसपास राहते. अक्षरं कॅपवर ५-६ मिलिमीटरपेक्षा लहान नकोत, आणि ही मर्यादा रोमन लिपीची आहे. देवनागरीला जास्त जागा लागते.

तुमचं ‘बडोदे’ नेमकं इथेच बिघडलं. ‘ब’ आणि ‘व’ यांत फरक फक्त पोटातल्या एका तिरक्या रेघेचा. ती रेघ १ मिलिमीटर आणि तिच्या दोन्ही अंगांना १.२ मिलिमीटरची मोकळी जागा धरली, तर अक्षराचं पोट आतून किमान ३.४ मिलिमीटर हवं. ८ मिलिमीटर उंचीच्या जाड ‘ब’चं पोट जेमतेम ३ भरतं, त्यात धागा थोडा पसरतो आणि सगळं मिटून जातं. मराठी माणूस बडोदे म्हणतो, सरकारी पाटीवर वडोदरा असतं; त्यामुळे वाचणाऱ्याला ही चूक वाटतही नाही, तो सरळ दुसरं नाव वाचतो. उपाय दोन आहेत. अक्षराची उंची १२ मिलिमीटरच्या वर न्या. किंवा उलट करा: ‘ब’चं पोट धाग्याने पूर्ण भरा आणि तिरकी रेघ १.२ मिलिमीटरची रिकामी सोडा, म्हणजे ती कापडाच्या रंगाने दिसेल. लहान आकारात दुसरा उपाय जास्त टिकतो.

अशाच जोड्या आणखी आहेत: ध-घ, भ-म, थ-य. इथे फरक शिरोरेषेच्या तुटण्यात आणि डावीकडच्या छोट्या गाठीत असतो. शोभेसाठी शिरोरेषा जाड केली, पुढे ओढली किंवा काढूनच टाकली, की ‘ध’चा ‘घ’ व्हायला वेळ लागत नाही. रफार, रुकार आणि अर्धचंद्र कॅपवर शक्यतो टाळा. संघाचं पूर्ण नाव समोर लिहिण्याचा मोह तर सोडूनच द्या. कॅप हे एका अक्षराचं माध्यम आहे. अमेरिकी बेसबॉलमधल्या न्यूयॉर्क यँकीजचं एकमेकांत गुंतलेलं ‘एनवाय’ घ्या किंवा डेट्रॉइट टायगर्सचं जुन्या वळणाचं ‘डी’, दोन्ही लांबूनही ओळखू येतात, कारण डोळ्याला तिथे वाचण्याचं काम नाही, फक्त आकार पकडायचा आहे.

बडोद्याच्या संघांना इथे एक खास फायदा आहे. गुजराती ‘व’ आणि ‘म’ म्हणजे जवळजवळ आपलेच ‘व’ आणि ‘म’, फक्त शिरोरेषेशिवाय. तेव्हा शिरोरेषा काढून टाकलेला ‘व’ दांडिया बाजारातल्या मराठी घरातही वाचला जातो आणि शेजारच्या गुजराती घरातही. ‘ब’चं तसं नाही, गुजराती ‘ब’ पूर्ण वेगळा दिसतो. शहराचं अक्षर म्हणून ‘ब’ घ्यायचं की ‘व’, हा निर्णय म्हणून नुसता सजावटीचा नाही. माझं मत: लीगच्या समाईक चिन्हासाठी शिरोरेषेविना ‘व’ घ्या, आणि ‘ब’ त्या एकाच संघाला द्या ज्याला जुन्या बडोदे संस्थानाची आठवण जपायची आहे.

विषय निवडताना एक कसोटी लावा: एका नामात सांगता आलं पाहिजे. ‘मगर’ चालतं. ‘वडाचं पान’ चालतं. ‘बडोद्याचा सांस्कृतिक वारसा’ चालत नाही. लक्ष्मी विलास पॅलेस १८९० मध्ये पूर्ण झाला, तो देखणा आहे यात शंका नाही, पण त्याचे मनोरे, जाळ्या, कमानी आणि घुमट पाच सेंटीमीटरांत आणायला गेलात की उरतो एक दातेरी डोंगर. विद्यापीठाच्या कला शाखेचा घुमट एकटा घेतला तर सुबक दिसतो, मात्र बाह्यरेषेत तो देशातल्या पन्नास घुमटांसारखाच वाटतो. इमारतच हवी असेल तर मांडवी घ्या. जुन्या शहराच्या मधोमध उभी, चारी बाजूंनी कमानी असलेली ती वास्तू. पण तिचीही पूर्ण बाजू काढू नका. एक कमान, खाली दोन जाड खांब, आणि कमानीच्या रिकाम्या जागेत चेंडू. बस. शहराचे चार दरवाजे, म्हणजे लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट, हे चार संघ करायचे असतील तर चारही लोगोंत कमान घालू नका. ते मैदानावर एकमेकांत मिसळतील. गेंडीगेटला गेंडा द्या, पाणीगेटला लाट.

वडाच्या बाबतीत एक चूक फार वेळा दिसते. लोक वड म्हणून पिंपळाचं पान काढतात, कारण हृदयाचा आकार आणि लांब शेपटी काढायला सोपी. वडाचं पान लंबगोल, जाड, बोथट टोकाचं असतं. शिरा पाचपेक्षा जास्त काढू नका आणि त्या धाग्याने न भरता रिकाम्या सोडा. पारंब्या शिरोरेषेला लटकवायची कल्पना चांगली आहे, फक्त लिपीकडे लक्ष ठेवा: ‘व’च्या उजवीकडे पूर्ण उंचीची दुसरी पारंबी आली की ते ‘वा’ झालं. पारंब्या अक्षराच्या एक तृतीयांश उंचीत संपवा, टोकं निमुळती करण्याऐवजी बोथट ठेवा, आणि दोन पारंब्यांत दीड मिलिमीटर अंतर ठेवा.

देवाचं चित्र कॅपवर नको. कॅप घामाने भिजते, जमिनीवर पडते, कोणी तिच्यावर बसतं. अशोकस्तंभ किंवा अशोकचक्रही नको, राष्ट्रीय चिन्हांच्या वापरावर कायद्याची बंधनं आहेत आणि संघ काल्पनिक असल्याने ती सुटत नाहीत. राजघराण्याची किंवा खऱ्या क्रिकेट संघटनेची चिन्हंही उचलू नका.

आता तुमची मगर. विश्वामित्री शहराच्या मधून वाहते आणि तिच्यात मगरी राहतात, म्हणून इथल्या संघासाठी याहून जिवंत चिन्ह मिळणं कठीण. पण पूर्ण मगर म्हणजे लांबच लांब आडवा प्राणी, आणि आपलं कार्ड ९ बाय ५.५. पूर्ण मगर ९ सेंटीमीटरांत बसवली की तिची जाडी दीड सेंटीमीटरसुद्धा होत नाही, पाय ३ मिलिमीटरचे होतात, दात अर्ध्या मिलिमीटरचे, आणि पाल तयार होते. डेट्रॉइटने १९०१ साली कॅपवर अख्खा वाघ घातला होता. पुढे त्यांच्या कॅपवर टिकलं ते अक्षर.

डोकं एकटं काढायचं असेल तर ओळख पटवणाऱ्या खुणा नेमक्या धरा. आपल्या मगरीचं मुस्कट रुंद आणि आखूड असतं. ते लांब आणि चिंचोळं केलं की सुसर झाली. तोंड मिटलेलं असतानाही खालच्या जबड्याचा चौथा दात बाहेर दिसतो, तो एक दात मोठा काढा आणि बाकीचे दोन-तीनच ठेवा, प्रत्येकाचा पाया ३ मिलिमीटर आणि उंची ४. डोळा डोक्याच्या रेषेच्या वर उचललेला हवा, नाकपुडीचा उंचवटा टोकाला हवा. या दोन उंचवट्यांशिवाय ती मगर वाटतच नाही.

मला मात्र यापुढे जाऊन अक्षर आणि प्राणी एक करावेसे वाटतात. मिलवॉकी ब्रूअर्स या बेसबॉल संघाचा १९७८ मध्ये आलेला लोगो पाहा: ‘एम’ आणि ‘बी’ ही दोन अक्षरं अशी जोडली आहेत की त्यांचा मिळून चेंडू धरलेला हातमोजा होतो. तो टॉम माइंडेल या कलाशाखेच्या विद्यार्थ्याने स्पर्धेसाठी केला होता. हार्टफर्ड व्हेलर्स या हॉकी संघासाठी पीटर गुडने १९७९ मध्ये खाली ‘डब्ल्यू’, वर देवमाशाची शेपटी आणि दोहोंमधल्या रिकाम्या जागेत ‘एच’ असं चिन्ह केलं. दोन्हीत एकही रेघ फुकट नाही.

देवनागरीकडे यासाठी एक गोष्ट आहे जी रोमन लिपीकडे नाही: शिरोरेषा. मगर पाण्यात स्थिर तरंगत असते तेव्हा वर दिसतात फक्त डोळे आणि नाकपुड्या. मग शिरोरेषा म्हणजेच पाण्याची पातळी. ‘म’ घ्या, त्याची शिरोरेषा डावीकडे अक्षराच्या बाहेर काढा, तिच्या डाव्या टोकाला नाकपुडीचा छोटा उंचवटा आणि तिथून उजवीकडे दोन तृतीयांश लांबीवर डोळ्याचा मोठा उंचवटा. खाली अक्षर, वर मगर.

मापं अशी ठेवा. अक्षराची उंची शिरोरेषेसह ४२ मिलिमीटर, अक्षराची रुंदी ४६, शिरोरेषेची लांबी ६२. रेघांची जाडी ६.५ मिलिमीटर, म्हणजे सॅटिन टाक्याच्या मर्यादेत राहते आणि भरावाची गरज पडत नाही. नाकपुडी ३ मिलिमीटर उंच, डोळा ६. एकूण उंची ४८, कॅपच्या जागेत आरामात बसते. डोळ्याचा उंचवटा ९ मिलिमीटर रुंद, त्यात पिवळा लंबगोल ४ बाय ३, आणि बाहुलीची उभी फट म्हणजे तीनदा फिरवलेला काळा रनिंग टाका (साधा धावदोरा). दोन्ही उंचवटे शिरोरेषेला चिकटलेलेच हवेत. डोळा जरा जरी सुटा झाला तरी तो अनुस्वार होतो आणि संघ ‘मं’ वाचला जातो. उंचवटा फार उंच आणि तिरका केला तर मात्रा दिसते. ‘म’च्या डावीकडची खालची गाठ पोकळ ठेवू नका, या जाडीत तिचं भोक बुजतंच, ती सरळ भरीव करा.

मधल्या शिवणीचा हिशेब इथेच करायचा. शिवणीखाली कापडाचे आणि बकरमचे थर जास्त असतात, सुई तिथे किंचित वळते आणि अरुंद उभी रेघ शिवणीच्या खाचेत बुडते. अक्षराचा चौकोन मधोमध ठेवला तर ‘म’चा काना शिवणीच्या उजवीकडे राहतो, ते उत्तम. शिवण ज्या रेघेखालून जाते ती एकतर ५ मिलिमीटरहून रुंद हवी किंवा शिवणीपासून ३ मिलिमीटर लांब. लोगोत बारीक काम टाळताच येत नसेल तर पाच पॅनेलची कॅप घ्या, तिला समोर एकच अखंड पॅनेल असतं.

शिरोरेषा ७ सेंटीमीटरांपेक्षा लांब नको, हेही लक्षात ठेवा. कॅपचा पुढचा भाग गोल असतो, त्यावर लांब सरळ आडवी रेघ समोरून पाहताना टोकांना पडल्यासारखी दिसते, आणि खाली व्हायझरची कमान असल्यामुळे तो वाकडेपणा जास्त जाणवतो.

रंगाबद्दल. तीन धागे पुरेत, दोन असतील तर आणखी चांगलं. चित्र आधी करड्या छटांत पाहा. कॅप आणि मुख्य अक्षर यांत तिथे स्पष्ट फरक दिसत नसेल तर रंगीत केल्यावर तो नुसता भासतो. मगरीच्या कॅपला बाटलीहिरवं कापड, अक्षर मळकट पांढरं, डोळा पिवळा. हिरव्यावर हिरवी मगर काढण्याचा हट्ट नको. दुसऱ्या एखाद्या संघाला संखेड्याच्या लाकडी फर्निचरचे रंग द्या: गडद लालसर तपकिरी आणि सोनेरी. ते इथल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेले आहेत आणि दुरून उठून दिसतात. सोनेरीसाठी जरीचा धागा मात्र समोरच्या मोठ्या अक्षराला वापरू नका; तो मशीनवर सारखा तुटतो आणि घामाने काळवंडतो. पिवळट सोनेरी पॉलिस्टर बरा. एकंदरच रेयॉनपेक्षा पॉलिस्टर घ्या. रेयॉनची चमक सुंदर असते, पण बडोद्याच्या मे महिन्याचं ऊन आणि वरचेवर धुणं त्याला सोसत नाही.

आणि चमकेचा उपयोग करून घ्या. एकच धागा आडवा भरला आणि शेजारी ४५ अंशात भरला तर दोन वेगळ्या छटा दिसतात, कारण उजेड वेगळा परावर्तित होतो. मगरीच्या डोक्याची वरची बाजू आणि जबडा एकाच रंगाने असे वेगळे करता येतात. रंग बदलायचा वेळ वाचतो, थर कमी होतात. उलट, लक्ष दिलं नाही तर एकाच अक्षराचे दोन भाग वेगळ्या रंगाचे वाटतात.

तुमची सोनेरी कड का सुटली, तेही यातच आहे. टाका पडताना कापडाला स्वतःच्या दिशेने खेचतो. म्हणून भरलेला भाग टाक्याच्या दिशेत आखूड होतो आणि आडव्या दिशेत किंचित पसरतो. गोल चेंडू आडव्या टाक्यांनी भरला की अंड्यासारखा उभट दिसतो तो यामुळे. नंतर त्याभोवती मूळ मापाची कड फिरवली की दोन बाजूंना फट पडते. कॅपवर हे कापडापेक्षा जास्त होतं, कारण कॅप फ्रेमवर सपाट बसत नाही, सुईबरोबर वरखाली होते. कड हवीच असेल तर ती दीड मिलिमीटर रुंद करा, भरावावर ०.८ मिलिमीटर चढवा आणि सगळ्यात शेवटी भरा. माझा सल्ला कड काढून टाकण्याचा आहे. स्क्रीनवर कड लोगोला पूर्णत्व देते, कॅपवर ती फक्त चुका अधोरेखित करते.

चित्र व्हेक्टरमध्ये काढा, म्हणजे लहान-मोठं केलं तरी न फाटणाऱ्या रेषांत. कोरलड्रॉ आपल्याकडच्या बहुतेक दुकानांत चालतं. पैसे घालायचे नसतील तर इंकस्केप मोफत आहे आणि त्याला इंक-स्टिच जोडलं की टाक्यांची फाइलही करता येते. पण कॅपचं डिजिटायझिंग, म्हणजे चित्राची टाक्यांची फाइल करणं, पहिल्यांदा जाणकाराकडूनच करून घ्या, आणि त्याला चित्राबरोबर ही माहिती लिहून द्या: फाइल कॅपसाठी आहे, शर्टासाठी नाही, भरण्याचा क्रम मधल्या शिवणीपासून बाहेर आणि खालून वर, म्हणजे कापडाची सुरकुती बाहेर ढकलली जाते आणि मधे फुगा येत नाही, टाक्यांचं अंतर ०.४ मिलिमीटर; ओढीची भरपाई (टाका खेचणार म्हणून आकार आधीच वाढवणं) ०.३ ते ०.४, रुंद सॅटिनखाली आधी कडेने एक रनिंग टाका आणि त्यावर विरळ झिगझॅग. हे खालचे टाके वगळले की वरचा धागा बकरममध्ये बुडतो आणि कडा करवतीसारख्या होतात. मशीनला दिल्या जाणाऱ्या डीएसटी फाइलमध्ये रंग साठवलेले नसतात, फक्त कुठे थांबायचं तेवढं असतं. म्हणून रंगांचा क्रम आणि धाग्याचे नंबर वेगळ्या कागदावर द्या, नाहीतर डोळा पांढरा आणि अक्षर पिवळं होऊन येतं.

उठावाचं अक्षर करायचं असेल तर खाली २ किंवा ३ मिलिमीटरचा फोम येतो. त्यासाठी रेघा ४ ते १० मिलिमीटर रुंद हव्यात, टाके दुप्पट दाट, सुमारे ०.२ मिलिमीटरवर, म्हणजे सुई फोम कापत जाते. रेघेची उघडी टोकं आडव्या टाक्यांनी बंद करावी लागतात, नाहीतर तिथून फोम डोकावतो. सपाट भाग आधी भरायचे, फोम मग. आपल्या ‘म’ला उठाव शोभेल, पण डोळ्याला फोम नको, आणि फोमचा रंग धाग्याच्या रंगाचाच घ्या.

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न: कॅप फ्रेम आहे का? ड्रेस आणि साड्यांचं काम करणाऱ्या अनेक मोठ्या मशीनवर फक्त सपाट कापड चढतं. ते लोक तयार कॅप कशीबशी दाबून बसवतात आणि लोगो तिरका येतो. फ्रेम नसेल तर सपाट कापडावर पॅच भरून घ्या आणि तो शिवून लावा; आठ संघांच्या थोड्या-थोड्या कॅप असतील तर हा मार्ग स्वस्तही पडतो. फ्रेम असेल तर सुई ७५/११, बकरम फार जाड असेल तर ८०/१२, आणि वेग मिनिटाला ६०० ते ७०० टाक्यांच्या वर नको. दर बहुधा हजार टाक्यांवर ठरतो, म्हणून फाइलमधले एकूण टाके आधी विचारून घ्या. कॅपचा लोगो बहुतेक वेळा ५ ते १० हजारांत बसतो. ८ हजारांचा लोगो मिनिटाला ६५० टाक्यांनी सव्वाबारा मिनिटं घेतो, धागे बदलण्याचा वेळ वेगळा. कोणी पाच मिनिटांत देतो म्हणाला तर वेग वाढवून कडा खराब करणार, एवढं समजा.

कॅपच्या मागच्या बाजूला, पट्ट्याच्या वरच्या कमानीवर, ६-७ सेंटीमीटर रुंदीची जागा असते. तिथे शब्दापेक्षा आकडा घाला. १९४६-४७ च्या रणजी अंतिम सामन्यात बडोद्याच्या विजय हजारे आणि गुल महंमद यांनी होळकर संघाविरुद्ध चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागी केली. एखाद्या संघाच्या कॅपमागे १० मिलिमीटर उंचीचं नुसतं ५७७ असेल तर जाणणारा माणूस थांबून पाहील.

आठही लोगो झाले की सगळे काळ्या रंगाने भरून, रंग आणि आतले तपशील काढून, एका कागदावर खऱ्या मापात छापा आणि भिंतीवर लावून दहा पावलांवरून पाहा. दोन आकार सारखे वाटले तर त्यांतला एक बदला, रंग वेगळे आहेत यावर विसंबू नका. गोल बिल्ल्यात कोंडलेले लोगो इथे सगळ्यात आधी पडतात. उत्तरायणाचा पतंग, कमान, पान, अक्षर, प्राण्याचं डोकं असं वैविध्य असेल तर लीग जिवंत वाटते. सेव उसळीवरून संघ काढायचा असेल तर बेलाशक काढा: तीनदा फिरवलेला पिवळा रनिंग टाका त्या मापात हुबेहूब शेवेसारखा दिसतो. तिथे धाग्याची जाडी आपल्या बाजूने काम करते.

नमुना त्याच जातीच्या, त्याच रंगाच्या कॅपवर भरून घ्या, चिंधीवर नको. हातात आल्यावर आधी आतून पाहा: सॅटिनच्या रेघेमागे बॉबिनचा, म्हणजे मशीनच्या खालच्या रिळाचा, पांढरा धागा मधल्या साधारण एक तृतीयांश पट्ट्यात दिसला पाहिजे. पूर्ण पांढरं दिसलं तर वरचा ताण जास्त आहे, पांढरं दिसलंच नाही तर फार सैल. मग कॅप डोक्यावर घालून कोणालातरी समोर उभं करा, लोगो शिवणीपासून डावी-उजवीकडे मोजा, दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर परत द्या. शेवटी ती भिजवून सावलीत वाळवा. बकरम आकसून अक्षराभोवती सुरकुत्या आल्या तर टाके फार दाट झालेत, अंतर ०.४ वरून ०.४५ करायला सांगा, दुसरा नमुना घ्या, आणि तो बरोबर आला की मगच बाकीच्या सात संघांच्या फाइल करायला द्या.